कूलंट बदलल्यानंतर अडकलेली हवा: आधी लिटरचा हिशेब, मग पाना

तुमचा प्रश्न नीट वाचला. परभणीत घरच्या अंगणात तुम्ही पेट्रोल गाडीचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, बदलले. रेडिएटरचा खालचा होज काढून पावणेचार लिटर जुने कूलंट बादलीत मोजून घेतले. नवे भरायला गेलात तेव्हा तीन लिटरवरच रेडिएटर तोंडापर्यंत भरला, म्हणून झाकण लावून मोकळे झालात. आता दहा-बारा मिनिटे गाडी चालली की तापमानाचा काटा निम्म्याच्या वर चढतो आणि एकाएकी खाली येतो, डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्याचा आवाज येतो, आणि शेजारचे काका थर्मोस्टॅटच (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून टाकायला सांगत आहेत.

यात मला काट्यापेक्षा तुमची बादली अधिक मोलाची वाटते. पावणेचार लिटर बाहेर आले आणि तीनच आत गेले, म्हणजे पाऊण लिटरची जागा अजून रिकामी आहे आणि तिथे हवा बसली आहे. बहुतेक लोक जुने कूलंट गटारात सोडून देतात आणि मग नवे किती बसायला हवे होते याचा त्यांना पत्ताच नसतो. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा इथे तितका उपयोगी पडत नाही, कारण तो कोरड्या इंजिनाचा असतो. खालचा होज काढला तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये थोडे कूलंट राहतेच. जितके निघाले तितके परत आत गेले पाहिजे, हाच खरा हिशेब.

विहिरीवरून शेतात पाइपलाइन नेणाऱ्याला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. पाइप उंचवट्यावरून जातो तिथे हवा साठते आणि धार मंदावते, म्हणून नेमक्या त्या जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात. फुटव्हॉल्व्ह गळून पंपात हवा शिरली तर मोटार कितीही फिरली तरी पाणी उचलले जात नाही. गाडीचा वॉटर पंपही त्याच जातीचा, पात्यांनी द्रव बाहेर फेकणारा पंप आहे आणि त्यालाही हवा ढकलता येत नाही. गाडीतले उंचवटे म्हणजे इंजिनाचे हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग), थर्मोस्टॅटचे घर आणि डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर. तुम्हाला ऐकू येणारी खळखळ बहुधा त्या हीटरमधली आहे. गाडी गरम असताना हीटर पूर्ण उष्णतेवर लावून पाहा. ब्लोअरमधून गार वारा आला तर गरम कूलंट तिथवर पोहोचतच नाही असे समजावे.

काटा चढून अचानक का उतरतो, तेही यातूनच उलगडते. थर्मोस्टॅटच्या आत मेणाची डबी असते. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांना पोहोचले की ते मेण वितळून फुगते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. ही डबी कूलंटमध्ये बुडालेली असेल तरच तिला इंजिनाची खरी उष्णता वेळेवर कळते. तिच्याभोवती हवा असेल तर उष्णता तिच्यापर्यंत उशिरा पोहोचते, तोवर हेडमधले कूलंट भलतेच तापलेले असते, आणि मग वाट उघडली की रेडिएटरमधले गार कूलंट एकदम आत घुसते. काट्याला माप पुरवणारा सेन्सर तर आणखी फसवा आहे, कारण तो हवेच्या पोकळीत सापडला तर हेड तापत असतानाही काटा खाली दाखवू शकतो. म्हणून हवा निघाल्याची खात्री होईपर्यंत काटा मधोमध आहे एवढ्यावर विसंबू नका. ॲल्युमिनियमचे हेड एकदा वाकले की पुढचा खर्च कूलंटच्या डब्याच्या कितीतरी पट असतो.

काकांचा सल्ला आदराने बाजूला ठेवावा. उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे, पण त्याने हेडमधली हवा निघत नाही. उलट इंजिन आपल्या नेहमीच्या तापमानाला यायला वेळ लावते, इंजिन अजून थंडच आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि थंडीच्या सकाळी तर गाडी धड गरमच होत नाही. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा. बसवताना मात्र एक काळजी घ्यावी, आणि इथे मी माझीच फजिती सांगतो. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक छिद्र असते आणि त्यात सैल हलणारी पिन असते. हवा त्या छिद्रातून निसटावी म्हणून ते वरच्या बाजूला यायला हवे. मी घाईत ते खाली ठेवून बोल्ट आवळले. अंबाजोगाईहून बीडला जाताना काही जाणवले नाही. परतताना मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून मांजरसुंब्याचा घाट चढू लागलो तेव्हा काटा लाल पट्टीला टेकला. दीड तास बाभळीच्या सावलीत बसून झाकणाकडे पाहत होतो, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही एवढी अक्कल सुदैवाने शिल्लक होती.

आता प्रत्यक्ष काम. ते पहाटे करावे, कारण आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळी उभी केलेली गाडी रात्री उशिरापर्यंत कोमट असते आणि आपल्याला इंजिन पूर्ण गार हवे आहे. गाडीचे तोंड अंगणातल्या चढाकडे करावे, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना विटा लावाव्यात. तुमच्या गाडीला रेडिएटरवरच झाकण आहे आणि बाजूला जादा कूलंटची साधी बॉटल आहे, असे तुम्ही लिहिले आहे; तेव्हा रेडिएटरचे तोंड हीच सर्वांत उंच जागा व्हावी एवढाच या चढाचा उद्देश आहे. एसी बंद ठेवून हीटर पूर्ण उष्णतेवर आणि ब्लोअर हळू लावावा, म्हणजे हीटरकडे जाणाऱ्या वाटेत व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा राहतो. वैशाखात हीटर लावायला सांगणारा माणूस वेडा वाटेल, पण काचा खाली करून ठेवल्या की निभावते.

झाकण उघडून तोंडात घट्ट बसेल असे उंच नरसाळे बसवावे. तसे मिळाले नाही तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून बसवला तरी चालतो. मी आजही तेच वापरतो. कूलंट बारीक धारेने ओतावे. धडाधड ओतले तर आत जाणारे कूलंट बाहेर येणाऱ्या हवेची वाट अडवते आणि रेडिएटर भरल्यासारखा वाटतो. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवशी बहुधा हेच झाले. ओतता ओतता वरचा जाड होज मुठीत धरून हळूहळू दाबत-सोडत राहावे. प्रत्येक दाबाला नरसाळ्यात मोठे बुडबुडे येतील आणि पातळी बोटभर खाली जाईल. इंजिन सुरू न करताच अशा प्रकारे बरीचशी हवा निघून जाते. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर पितळेचा अथवा प्लॅस्टिकचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, दिसला, तर तो दोन-तीन आटे सैल करावा. आधी फसफस होईल, मग फेस येईल, आणि बुडबुड्यांशिवाय अखंड धार लागली की आवळावा. प्लॅस्टिकचा असेल तर जोर लावू नये, तो हमखास तुटतो.

यानंतर नरसाळे अर्धे भरलेले ठेवून इंजिन सुरू करावे. पहिली काही मिनिटे बारीक बुडबुडे येत राहतात आणि मनुष्य कंटाळून चहाला जातो, जाऊ नये. थर्मोस्टॅट उघडण्याच्या वेळी कधी कूलंट एकदम उसळते, कधी नरसाळे डोळ्यांदेखत रिकामे होते, म्हणून तोंड दूर ठेवावे, जाड हातमोजा घालावा आणि ओतायचे भांडे हातातच असू द्यावे. वरचा होज गरम झाला, खालचाही कोमट लागला, हीटरमधून खरा गरम वारा आला आणि रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन आपोआप बंद झाला, की काम बरेचसे झाले. मग रेडिएटर काठोकाठ भरून झाकण लावावे, बॉटल दोन खुणांच्या मध्ये भरावी आणि पाचेक मिनिटे ॲक्सिलरेटर साधारण २,५०० फेऱ्यांवर धरावा, म्हणजे कोपऱ्यात चिकटलेले उरलेले बुडबुडे प्रवाहाबरोबर वर येतात. एकदा झाकण लागले की त्या दिवशी ते पुन्हा उघडू नये. बंद व्यवस्थेत १ बार दाब चढला की साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ती थेट चेहऱ्यावर येते.

उरलेले काम रात्रीतून गाडी स्वतः करते. कूलंट गार होऊन आकसले की आत ओढ निर्माण होते आणि झाकणाच्या पोटातला छोटा व्हॉल्व्ह उघडून बॉटलमधले कूलंट रेडिएटरमध्ये शोषले जाते. यासाठी झाकणाचे रबर मऊ आणि बॉटलकडे जाणारी बारीक नळी न चिरलेली असावी लागते. नाहीतर कूलंटऐवजी हवाच आत ओढली जाते आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. ज्यांच्या गाडीत रेडिएटरला झाकण नसून बॉटलवरच दाबाचे झाकण असते, त्यांनी बॉटलमधूनच भरावे आणि तिच्याकडे येणारी बारीक नळी तुंबलेली नाही एवढे पाहावे. हवा त्याच नळीने परतते. काही नव्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप असतो आणि तो स्कॅनरवरून फिरवावा लागतो. ते काम वर्कशॉपमध्येच द्यावे. कॉम्प्रेसर जोडून आधी आतली हवा खेचून घेणारे आणि मग कूलंट भरणारे साधन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे तर हा सगळा खटाटोपच उरत नाही.

भर घालताना बोअरचे पाणी मात्र घालू नका. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार कूलंट असेल तर तेच घालावे. पाणी मिसळून वापरायचे सांद्र प्रकारचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बादलीतले जुने कूलंट बंद डब्यात ठेवून गॅरेजवाल्याकडे सोपवा. ते चवीला गोड आणि विषारी असते. अंगणात कुत्रे, वासरू येत असेल तर सांडलेले डबकेसुद्धा लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका.

एक शक्यता मनात ठेवा. अडकलेली हवा मर्यादित असते, त्यामुळे बुडबुडे कमी होत होत थांबतात. ते थांबतच नसतील, ॲक्सिलरेटर दाबला की वाढत असतील, किंवा सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीतून) जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची दाट शक्यता आहे आणि कितीही वेळा हवा काढली तरी गुण येणार नाही. अशा वेळी गाडी न चालवता मेकॅनिककडून कूलंटमध्ये वायू येतो का याची चाचणी करून घ्यावी. तुमची गाडी कूलंट बदलण्यापूर्वी ठीक होती, त्यामुळे मला तसे वाटत नाही.

उद्या पहाटे हे सर्व करा आणि परवा सकाळी, गाडी गार असताना, रेडिएटरमध्ये आणि बॉटलमध्ये मिळून किती भर घालावी लागली ते मोजून इथे लिहा. दोन्ही दिवसांची भर मिळून पाऊण लिटरच्या आसपास भरली तर हिशेब जुळला. चारशे-पाचशे मिलिलिटरवर अडली आणि हीटर अजून गारच असेल, तर हीटरचा परतीचा होज सैल करून तिथून हवा कशी काढायची ते गाडीचे मॉडेल कळल्यावर सांगतो.