108 नमस्कार आणि 5 तारीख

प्रश्न: गेल्या 1 जानेवारीला उत्साहाच्या भरात 51 सूर्यनमस्कार घातले. चौथ्या दिवशी मनगटं आणि कंबर धरली, आणि संकल्प तिथेच संपला. यंदा रथसप्तमीला 108 घालायचे आहेत. तयारी कशी करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: रथसप्तमी कधी जानेवारीच्या शेवटी येते, कधी फेब्रुवारीच्या मध्यात. सवय नसलेल्या शरीराला एवढे दिवस 108 साठी पुरत नाहीत. यंदा 54 धरा.

पहिला आठवडा एकाआड एक दिवस 6, दुसरा 12, तिसरा 18, चौथा 24. पुढे दिवस उरले तर 36. बारा स्थितींचा एक नमस्कार. एकदा उजवा पाय मागे, पुढच्या वेळी डावा. एकाला 20 ते 25 सेकंद द्या. त्याहून घाई केली की माणूस पोटावर आपटतो, कंबर तिथेच दुखावते.

मनगट दुखतं कारण सगळा भार तळव्याच्या टाचेवर येतो. बोटं पसरा, तर्जनीच्या मुळाशी जमीन दाबा. गादीवर किंवा जाड फोमवर नमस्कार घालू नका: हात रुततो आणि मनगट आणखी मुडपतं. सतरंजी उत्तम. तरीही दुखलं तर तिचीच घडी तळव्याच्या टाचेखाली घ्या.

कमरेचा दोष बहुधा भुजंगासनात असतो. हात ताठ करून छाती वर ढकलली की सगळा बाक कमरेत पडतो. कोपरं वाकलेली, बरगड्यांना लागून, बेंबी जमिनीलगत, मांड्या आवळलेल्या. छाती चार बोटंच उचलली तरी चालेल. पादहस्तासनात हात टेकत नसतील तर गुडघे खुशाल वाकवा. गुडघे ताठ ठेवण्याच्या हट्टापायीही कंबर धरते.

मोजणी चुकू नये म्हणून मित्र ते भास्कर ही सूर्याची बारा नावं क्रमाने घ्या, एका नमस्काराला एक. बारा झाले की एक चिंचोका बाजूला. साडेचार फेऱ्यांत 54 होतात, पुढे कधी 108 घालाल तेव्हा चिंचोके नऊ लागतील. दर फेरीनंतर मिनिटभर उभ्याने श्वास घ्या. जेवणानंतर निदान तीन तास नमस्कार नकोत.

प्रश्न: आईला (वय 62) रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिलाही नमस्कार घालायचे आहेत.

उत्तर: आधी डॉक्टरांना विचारा. काचबिंदू, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती नकोतच. हरकत नसेल तर खुर्चीवर बसून हात वर नेणं आणि थोडं पुढे वाकणं, चार-पाच वेळा. श्वास रोखायचा नाही.

प्रश्न: नव्या वर्षापासून पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) दरमहा 3,000 रुपये टाकायचे ठरवलं आहे. पगार 7 तारखेला होतो. 5 तारखेच्या आत भरावं म्हणतात, ते का?

उत्तर: महिन्याचं व्याज 5 तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. 7 तारखेला भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज नाही. म्हणून एका पगारातले 3,000 बचत खात्यात थांबवा आणि बँकेला पुढच्या महिन्याच्या 2 तारखेला रक्कम आपोआप वळती करण्याची स्थायी सूचना द्या.

तरी यापायी झोप उडवू नका. 7.1 टक्के दर धरला तर 3,000 वर महिन्याचे जेमतेम 18 रुपये होतात. एप्रिलमध्ये 5 तारीख चुकवून एकरकमी दीड लाख भरणाऱ्याचे मात्र सुमारे 887 बुडतात.

त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे वर्ष कोरं सोडणं. हे वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. त्यात किमान 500 भरले नाहीत तर खातं बंद पडतं, आणि ते सुरू करायला दर वर्षामागे थकलेले 500 व वर 50 दंड. कमाल मर्यादा दीड लाखाची. खातं 15 वर्षांचं, अंशतः रक्कम काढायची मुभा सातव्या आर्थिक वर्षापासून. तेव्हा दवाखाना, नोकरीतला खंड यांसाठीचे पैसे इथे अडकवू नका. तीन-चार महिन्यांचा घरखर्च हाताशी नसेल तर आधी 2,500 चं आवर्ती ठेव खातं काढा आणि पीपीएफमध्ये तूर्त 500 टाका.