'नेडिर' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कोठून आला?

आपण विचारले आहे की, एखाद्या गोष्टीच्या सर्वांत खालच्या अवस्थेला इंग्रजीत 'नेडिर' का म्हणतात आणि नादिरशहाच्या नावाशी या शब्दाचे काही नाते आहे का. नाते नाही. त्या नावातील 'नादिर' म्हणजे दुर्मीळ. इंग्रजी शब्द मात्र अरबी 'नझीर'पासून आला असून दोहोंचे धातू निराळे आहेत.

'नझीर' या शब्दात मुळात खालचे किंवा वाईट असे काहीच नाही. समोरचा, जोडीचा, एवढाच त्याचा अर्थ, आणि आपल्या 'नजर' या शब्दाचा धातूही तोच. अरबी ज्योतिर्विद 'नझीर अस्-सम्त' असे म्हणत, म्हणजे आपल्या डोक्यावरील आकाशबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूस, पायांखाली पृथ्वीच्या पलीकडे येणारा बिंदू. लॅटिनमध्ये या पदाचा पहिलाच तुकडा उरला. डोक्यावरचा बिंदू तो 'सम्त अर्-रास'. त्यातील 'सम्त'चा 'झेनिथ' झाला तो नकलकारांनी 'एम' हे अक्षर 'एन' आणि 'आय' असे वाचल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. इंग्रज कवी चॉसर याने १३९१ च्या सुमारास ॲस्ट्रोलेब या आकाशस्थ गोलांची उंची मोजण्याच्या यंत्रावर लिहिलेल्या ग्रंथात सूर्याचा 'नेडिर' म्हणजे राशिचक्रात सूर्याच्या समोर येणारा अंश असे सांगितले आहे, आणि मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण तेथेही अर्थ विरोधाचा आहे, अधोगतीचा नाही. अवनतीची छटा नंतर चढली.

मराठीत या दोन बिंदूंना खस्वस्तिक आणि अधःस्वस्तिक म्हणतात. आपण खानदेशातले असाल, तर झेनिथ प्रत्यक्ष पाहता येईल: जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरच्या आठवड्यात एके दुपारी सूर्य नेमका खस्वस्तिकी येतो आणि सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यानंतर हा योग पुन्हा येतो, परंतु तेव्हा आभाळ बहुधा ढगाळ असते. (चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे, या शास्त्राची आपल्या भागातली परंपरा इतकी जुनी आहे.)

भाषांतर करताना केळीच्या किंवा कापसाच्या भावाबद्दल 'नीचांक' पुरेसा आहे. एखाद्या राजवटीच्या वा कलेच्या पडत्या काळासाठी मात्र मी 'अवनतीची परिसीमा' असे लिहीन, कारण तेथे आकडा नसतो, अवस्था असते.