कोमान्ची गोष्टीतला ऑनर: अब्रू, मान की नाव?

प्रश्न असा आलाय: एकजण अमेरिकेतल्या मूळनिवासी कोमान्ची लोकांवर साहसकथा लिहितायत, १८७४ सालचं टेक्सास, क्वाहाडी टोळीतला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, वडील लढाईत गेलेले, आणि फॅमिली ऑनरसाठी हा पहिल्यांदाच मोहिमेवर निघतो. त्यांनी लिहिलं, 'घराण्याची अब्रू राखण्यासाठी तो निघाला.' मैत्रीण वाचून म्हणाली, हे पेशवाईवरच्या कादंबरीतलं वाक्य वाटतंय. मग अब्रू, इज्जत, इभ्रत, मान, प्रतिष्ठा यातलं नेमकं काय घ्यायचं?

आधी नावाचं सांगते, कारण गोष्टीत ते पानोपानी येणार. मी 'कोमान्ची' असं अर्धा 'न' देऊन लिहितेय, ते मुद्दाम. 'कोमांची' असं अनुस्वार देऊन लिहिलं की आपला डोळा ते 'लोकांची', 'घोड्यांची' सारखं वाचतो, म्हणजे 'कोमांची मुलं' म्हणजे कोमा नावाच्या कुणाची तरी मुलं असं वाटतं. शिवाय हे नाव त्यांचं स्वतःचं नाहीच, शेजारच्या यूट लोकांनी दिलेलं, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ साधारण 'शत्रू' असा, ते स्पॅनिशमधून इंग्रजीत गेलं. ते स्वतःला म्हणतात नुमुनू, म्हणजे लोक, माणसं. आपण 'आपली माणसं' म्हणतो ना, तसं. मुलाच्या तोंडी 'आम्ही कोमान्ची' घालण्यापेक्षा 'आमची माणसं' घातलंत तर ते त्यांच्या बोलण्याच्या जास्त जवळ जाईल.

आता अब्रू. मैत्रिणीचा कान अगदी बरोबर आहे. शब्द मुळात फारसी, आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा, थोडक्यात तोंडावरचं पाणी. पण व्युत्पत्तीपेक्षा त्याच्या पुढेमागे कुठली क्रियापदं येतात ते बघा, मला तरी शब्दाचा स्वभाव तिथेच कळतो. अब्रू जाते, राहते, घेतात, वाचवतात, चव्हाट्यावर येते, अब्रूचं खोबरं होतं, अब्रूनुकसानीचा दावा लावतात. पण 'त्याने अब्रू मिळवली' असं कुणी म्हणतं का? नाही म्हणत. अब्रू जन्मापासून असतेच, करण्यासारखं एकच काम, ती सांभाळायची. इज्जतीचंही बरंचसं तसंच. इभ्रत मूळ अरबीत धडा, इशारा अशा अर्थाची, मराठीत येऊन ती पत आणि अब्रू यांच्या ओळीत बसली. प्रतिष्ठा शब्द चांगला आहे पण फार पांढरपेशा, त्यात सतरंजी आणि खुर्च्या दिसतात.

कोमान्ची लोकांचा ऑनर असा सांभाळायचा नव्हता, तो कमवायचा होता आणि तोही प्रत्येकाने स्वतःचा स्वतः. त्यांच्यात म्होरकेपण बापाकडून मुलाकडे आपोआप येत नसे. ज्याच्या मागे लोक जायला तयार ते त्याच्या मागे जात, उद्या नाही पटलं तर जात नसत. म्हणून 'सरदार' हा शब्दही मी टाळीन, सरदारकी कुणीतरी वरून दिलेली असते. मोहिमेपुरता पुढे असणाऱ्याला 'म्होरक्या' चालेल, तळावरच्या वडीलधाऱ्याला 'कर्ता माणूस'.

आणि तो ऑनर कमवायचा कसा, इथे मला मराठीचा खरा आनंद झाला. सपाट गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार लोकांमध्ये, कोमान्चींमध्येही, शत्रूला लांबून मारण्यापेक्षा जिवंत शत्रूच्या अंगाला हाताने, धनुष्याने किंवा काठीने स्पर्श करून निसटून येणं मोठं मानत. इंग्रजीत त्याला फ्रेंचमधून आलेला 'कू' शब्द लावतात, आणि 'कू मोजणे' असं भाषांतर मी एके ठिकाणी वाचलंय, वाचून काहीच कळत नाही. आपल्याकडे शब्द आहे, 'शिवणं'. हुतूतू आठवा, गडी दम धरून पलीकडे जातो, शिवतो आणि रेषेच्या आत परत येतो, जिवंत परत आला तरच त्या शिवण्याला किंमत. 'तो शत्रूला शिवून आला', एवढ्या चार शब्दांत मराठी वाचकाला सगळं दिसतं, तळटीप लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्या, 'शिवणं' हा शब्द आपल्याकडे विटाळाच्या, शिवाशिवीच्या घाणेरड्या आठवणीही घेऊन येतो, म्हणून पहिल्यांदा वापराल तिथे घोडा, वेग, काठी सगळं दाखवा म्हणजे वाचक खेळाच्या बाजूने जाईल. आणि नुसतं शिवून भागत नसे, ते चारचौघांत साक्षीदारांसमोर सांगावं लागे, तेव्हा ते त्याच्या खात्यावर जमा होई.

म्हणून माझं मत 'मान'ला. मान मिळतो, मान देतात, मान राखतात, मानकरी असतो, मानाचा विडा असतो. मान हा दुसऱ्याने द्यायचा असतो, घरात बसून तो असत नाही. आमच्या गावच्या जत्रेत कुस्ती जिंकलेल्या पोराला फेटा बांधून हलगीच्या तालावर आखाड्याभोवती फिरवायचे, आणि एकदा माझ्या चुलत्याने बघितलेलं की त्या पोराने बक्षिसाचे पैसे तिथेच हलगीवाल्याला आणि हरलेल्या गड्याला वाटून टाकले, वीसेक वर्षं झाली पण लोक अजून कुस्ती विसरून तेच सांगतात. कोमान्चींमध्ये नेमकं हेच, मोहिमेत आणलेले घोडे जो वाटून टाकतो तो मोठा. याला आपल्याकडे 'दानत' म्हणतात. तुमच्या मुलाने शेवटी आणलेले घोडे कुणाला दिले हे एका परिच्छेदात आलं तर ऑनर हा शब्द लिहायचीच गरज पडणार नाही.

मानच्या बरोबरीने दुसरा शब्द डोक्यात येतो तो 'नाव'. नाव कमावलं, नाव केलं, नाव राखलं, नाव बुडवलं. कोमान्चींना तर तो फारच लागू, कारण त्यांच्यात नाव ही जन्मभराची गोष्ट नव्हती, आजोबा किंवा एखादा नावाजलेला योद्धा नाव ठेवी आणि पुढे काही पराक्रम घडला तर नवं नाव मिळे. म्हणजे नाव कमावणं शब्दशः. पण इथेच मोठा खड्डा आहे, बघून चाला. आपण सहज म्हणतो 'बापाचं नाव काढलंस पोरा', आणि तुमच्या गोष्टीत म्हाताऱ्या आजोबांच्या तोंडी हे वाक्य येणारच असं मला वाटतंय. कोमान्चींमध्ये मेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नसत. वडील लढाईत गेलेल्या मुलासमोर 'नाव काढणं' म्हणजे त्याच्या जखमेवर पाय देणं. आपल्या वाक्प्रचारात नाव काढणं हा गौरव, त्यांच्या चालीत तेच नाव तोंडातून काढणं निषिद्ध. हे वाक्य तिथे अजिबात नको. आजोबा हवं तर म्हणतील, 'तो असता तर आज घोड्यावरून उतरून तुझ्याजवळ आला असता.'

आजोबांवरून आठवलं, आईच्या वडिलांना कोमान्चीत 'तोको' म्हणतात आणि ते आजोबाही मुलीच्या मुलाला तोकोच म्हणतात, शब्द दोन्हीकडून एकच. आपल्या आजोबा-नातवात अशी सोय नाही, म्हणून संवादात तोको तसाच ठेवा, दोघांच्याही तोंडी, दोन पानांत वाचकाला सवय होते आणि काय गोड वाटतं ते वाचायला.

उरलं 'घराणं' आणि 'वारसा'. घराणं म्हटलं की वंशावळ, वाडा, गादी, निदान सात पिढ्या. कोमान्चींमध्ये कुळं नव्हती, आणि पकडून आणलेली परकी मुलंही कुटुंबात वाढून पक्की त्यांचीच होत. क्वाहाडी टोळीचा नावाजलेला म्होरक्या क्वाना पार्कर, त्याचंच बघा, त्याची आई सिंथिया अॅन पार्कर, १८३६मध्ये टेक्सासच्या फोर्ट पार्करवरच्या हल्ल्यात नऊएक वर्षांची असताना पकडलेली गोरी मुलगी, पुढे पेटा नोकोना या कोमान्ची म्होरक्याची बायको झाली, आणि १८६०मध्ये टेक्सास रेंजर्स या तिथल्या सशस्त्र दलाने तिला परत नेलं तेव्हा ती मनाने कोमान्ची झालेली होती, गोऱ्या नातेवाइकांत तिचं मन कधीच रमलं नाही. क्वाना १८७५च्या जूनमध्ये फोर्ट सिलच्या लष्करी ठाण्यावर शरण आला, पुढे आईचं आडनाव त्याने स्वतःला लावलं आणि १९१०मध्ये तिच्या अस्थी टेक्सासहून ओक्लाहोमात आणवल्या, दोन-तीन महिन्यांनी तोही गेला आणि तिच्या शेजारी पुरला गेला. याला 'खानदानाची इज्जत' म्हणून बघा, किती खोटं वाटतं. 'त्याने आईला आपल्यात आणलं' म्हणा, बस.

वारसा हा शब्द तर मी जपून वापरीन, कारण आपला वारसा वारसाहक्काशी बांधलेला आहे, सातबारा, दागिने, तलवार. कोमान्ची माणूस मेला की त्याच्या स्वतःच्या वस्तू त्याच्याबरोबर पुरत किंवा नष्ट करत, आवडता घोडा मारत. म्हणजे 'वडिलांची ढाल मुलाकडे आली' हा प्रसंग तुमच्या आराखड्यात असेल तर तो आपल्याकडचा आहे, तिथला नाही. मुलाकडे काय येतं तर शिकवण, गोष्टी, घोड्यावर बसायची रीत. त्याला 'वाडवडिलांपासून चालत आलेलं' म्हणा.

टोळी हा शब्द राहू दे, काहींना त्यात दरोडेखोर दिसतात पण ऊसतोडीच्याही टोळ्याच असतात. फक्त 'रेड इंडियन' नको.

आणि तुमचं वाक्य, माझ्यापुरतं, असं: 'वडिलांची ढाल त्यांच्याबरोबरच गेली होती. लोकांनी ओळखावं असं त्याच्याजवळ स्वतःचं अजून काहीच नव्हतं. त्याने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तो निघाला.'