ड्रायव्हरच्या नावावर समुद्रकाठची जमीन

प्रश्न: मी मूळचा इचलकरंजीचा, वय ४७. अकरा वर्षांपासून इंडोनेशियात, पुरवाकार्ताला सूत कारखान्यात नोकरी करतो. सुट्टीत आम्ही पश्चिम जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बातू कारास या कोळ्यांच्या गावी जातो. तिथे समुद्रापासून दोन मिनिटांवर ६० तुंबाक जागा ६० कोटी रुपियांना (रुपिया हे इथलं चलन) मिळते आहे. परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, म्हणून आमच्या ड्रायव्हरच्या नावावर घ्यायची आणि त्याच्याकडून कागद लिहून घ्यायचे, असं एजंट सांगतो. वर ९० कोटी रुपिया घालून चार खोल्यांचं होमस्टे बांधायचं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहायचं, असा विचार आहे. मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. घ्यावं का?

उत्तर: घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. गावाचा नाद मात्र सोडायला नको, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी आकडे आपल्या मापात आणू. तुंबाक हे सुंदा मुलखातलं, म्हणजे पश्चिम जावातलं माप, एक तुंबाक म्हणजे १४ चौरस मीटर. तुमची जागा ८४० चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठ्यांहून थोडी जास्त. साधारण १९० रुपियांना आपला एक रुपया धरला तर जागेचे साडेएकतीस लाख, बांधकामाचे सत्तेचाळीस लाख, मिळून एकोणऐंशी लाख. कोटींचे आकडे ऐकून माणूस दबकतो आणि मग लाखांत रूपांतर केलं की स्वस्त वाटायला लागतं. एजंट लोकांना हे चांगलं माहीत असतं.

आता खरा मुद्दा. इंडोनेशियाचा १९६० चा जमीन कायदा पूर्ण मालकी, ज्याला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, ती फक्त तिथल्या नागरिकाला देतो. कलम २६ तर पुढे जाऊन सांगतं, की आडमार्गाने जरी अशी जमीन परक्या माणसाकडे वळवली तरी तो व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. एजंट ज्या कागदांचं बाड तुमच्यापुढे ठेवणार आहे (कर्जरोखा, कुलमुखत्यारपत्र, ‘ही जागा खरी अमुक यांची’ असं निवेदन) त्यांतून हा आडमार्गच सिद्ध होतो. भांडण झालं तर तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटेल. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या परिपत्रकात सरळ म्हटलंय, पैसे कोणाचेही असोत, जमिनीच्या सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तो मालक.

तुमचा ड्रायव्हर प्रामाणिक असेलच, त्याबद्दल मला शंका नाही. पण उद्या तो वारला तर? जमीन त्याच्या बायकोमुलांत वारसाहक्काने वाटली जाणार, आणि त्यांनी तुम्हाला काहीच लिहून दिलेलं नाही. आपल्याकडे शेतकरी दाखला नाही म्हणून मेहुण्याच्या नावावर शेत घेणारे किती तरी आहेत. असं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. मेहुणा गेला, सातबाऱ्यावर त्याच्या तीन मुलांची नावं चढली, आणि पैसे मोजलेला माणूस आंबे उतरवायला गेला तर भाच्याने चहा पाजून परत पाठवला. तिथे निदान नातं होतं, आणि भाषा एक होती.

तुम्ही विचारलं नाहीत, पण भारतातली बाजू मला जास्त घोर लावते. अनिवासी असताना तिथल्या कमाईतून तिथे मालमत्ता घ्यायला आणि परतल्यावरही ती ठेवायला फेमाची, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याची, आडकाठी नाही. पण परतल्यानंतर, सुरुवातीची सवलतीची दोनेक वर्षं संपली की, आयकर विवरणपत्रात परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. त्यात काय लिहिणार? ‘माझी आहे’ लिहिलं तर इंडोनेशियाचा कायदा मोडल्याची कबुली, आणि नाही लिहिलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली खरी, पण स्थावर त्यात बसत नाही.

कायदेशीर वाट आहे. ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क परदेशी माणसाला मिळतो, आधी ३० वर्षं, मग २० आणि पुन्हा ३०. पण त्यासाठी घराची किमान किंमत सरकारने प्रांतवार ठरवलीय, ती काही अब्ज रुपियांत जाते आणि तुमच्या बजेटच्या बाहेर आहे. शिवाय राहण्याचा परवाना चालू हवा. तुमचा परवाना कंपनीच्या नोकरीला बांधलेला आहे. नोकरी सुटली की तो सुटला. निवृत्तीनंतर तिथे राहायचं तर त्याचा वेगळा व्हिसा, त्याच्या वेगळ्या अटी.

होमस्टेचा हिशेब. एजंटने चार खोल्या, रात्रीला साडेतीन लाख रुपिया आणि वर्षाचे २५५ दिवस भरलेले दाखवलेत. बातू कारासला लाटांवर फळी चालवायला शिकणारे येतात, बांडुंग शहरातली कुटुंबं शनिवार-रविवारी येतात, ईदनंतरच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी दुपारी मात्र तिथे कोंबड्या आणि जाळी विणणारे म्हातारे. मी ९० दिवस धरते. उत्पन्न साडेसहा लाख रुपये. त्यातून राखणदाराचे तेरा पगार (ईदचा बोनस धरून), वीज, धुलाई, बुकिंगवाल्यांचं कमिशन. खाऱ्या वाऱ्याने पत्रे, बिजागऱ्या, एसी किती वर्षं टिकतात हे मालवणात घर असलेल्या कुणालाही विचारा. हातात दोनेक लाख राहतील. एकोणऐंशी लाखांवर अडीच टक्के. तुमच्या एनआरई ठेवीवर (अनिवासी भारतीयांची भारतातल्या बँकेतली ठेव) साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळतंय, तेही भारतात करमुक्त. आणि पर्यटकांचा तो धंदा नोकरीच्या परवान्यावर तुम्हाला चालवताच येणार नाही, म्हणजे तोही ड्रायव्हरच्याच नावावर.

भाव वाढेल, टोलरस्ता येतोय, असं एजंट म्हणतो. बांडुंगजवळच्या गेदेबागेहून तासिकमालायामार्गे चिलाचापला जाणारा तो टोलरस्ता अनेक वर्षं चर्चेत आहे, त्याची निविदा पुन्हा काढावी लागली. मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर प्लॉट घेतलेल्यांना याहून जास्त समजावायला नको. रुपिया घसरण्याची भीती मी घालणार नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत डॉलरपुढे आपला रुपयाही तसाच घसरलाय.

एक गोष्ट मात्र जागेवर उभं राहून बघा. १७ जुलै २००६ ला याच किनाऱ्यावर त्सुनामी आली. भूकंप ७.७ चा, पण धक्का इतका मंद की अनेकांना पळायचं सुचलंच नाही. सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हणून ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ ही जाहिरात मला उलटी वाचावीशी वाटते. शिवाय भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून किमान १०० मीटर पट्टा किनारा म्हणून मोकळा ठेवायचा नियम आहे. दोन मिनिटं चाललं की किती मीटर होतात, टेप धरून मोजा.

आता काय करा ते सांगते. त्याच गावात एक बांधलेलं घर तीन वर्षांच्या भाड्याने घ्या, स्वतःच्या नावावर, नोटरीसमोर, भाडं एकरकमी न देता वर्षाचं वर्षाला. मालकाच्या बायकोचीही सही घ्या, कारण लग्नानंतर घेतलेली जागा दोघांची धरली जाते. जमीन-नोंदणी कार्यालयात सर्टिफिकेट तपासून घ्या. नुसता जुना कर-पावतीचा ‘गिरिक’ दाखवला तर उठा. वर्षाला तीन लाखांपर्यंत खर्च झाला तरी चालेल. जानेवारीच्या पावसात सलग दहा दिवस तिथे राहून बघा, रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर कुठे धावायचं तेही.

एकोणऐंशीपैकी पंचवीस लाख मुलीच्या शिक्षणासाठी आजच बाजूला काढा, ठेवीत. बाकीच्यांचं काय करायचं, ते तुमच्या सध्याच्या गुंतवणुकीची यादी आली की लिहीन. आणि एजंटला बयाणा दिला असेल, तर किती आणि कोणाच्या खात्यात, ते आधी कळवा.