काळी स्क्रीन की ब्राउझर?

प्रश्न : तुर्भ्याच्या गोदामात चलनांची नोंद जुन्या काळ्या स्क्रीनवरून ब्राउझरवर आणली. ऑपरेटर म्हणतात, काम मंदावलं. नुसता सवयीचा प्रश्न आहे का? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही, तक्रार खरी आहे. 80 अक्षरं बाय 24 ओळींच्या त्या स्क्रीनवर पुढचा फॉर्म उमटण्याआधी दाबलेल्या कळाही सहसा रांगेत थांबतात. ब्राउझरमध्ये पान लोड होताना टाइप केलेलं बहुधा वाया जातं. त्यात एंटर दाबला की अर्धवट फॉर्मच सबमिट! एंटरने पुढचा रकाना, सेव्हला वेगळी कळ, एवढं आधी करून घ्या. ती कळ एफ5 नको. पान रीलोड होऊन भरलेलं पुसलं जाऊ शकतं. नगांचा रकाना ‘नंबर’ प्रकारचा असेल, तर माउसचं चाक फिरून 12 चे गुपचूप 13 होऊ शकतात. तो साधा टेक्स्टचाच ठेवा, आकड्यांची तपासणी वेगळी लावा.