दहा दिवसांची मुदत आणि १५ एप्रिल

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. अमेरिकेत क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएफएला, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालाय, निम्मी फी माफ आहे, दहा दिवसांत होकार कळवा म्हणताहेत आणि अजून तीन ठिकाणचा निकाल यायचाय. २०१६ च्या मार्चमध्ये मी नेमकी इथेच अडकले होते.

टोफेलची इंग्रजीची परीक्षा, एसओपी म्हणजे का शिकायचंय ते सांगणारा निबंध, शिफारसपत्रं यांतून तुम्ही पार पडलाच आहात, ते सोडते. माझी घोडचूक सांगते. मुदत वाढवून मागितली तर प्रवेश कार्यालयाचं एका ओळीचं उत्तर आलं, शक्य नाही. बाबा म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मी होकार कळवून डिपॉझिट भरलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकराला दुसऱ्या विद्यापीठाचा फोन. वेटिंग लिस्टमधून नंबर लागलाय, फी पूर्ण माफ, शिकवण्याचं काम, वर स्टायपेंड. घरचे झोपले होते म्हणून गॅलरीत जाऊन कुजबुजत सांगितलं, मी दुसरीकडे शब्द दिलाय. शब्द! आजही आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

कारण तिथे काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे. तो मान्य केलेल्या विद्यापीठाने आर्थिक मदत देऊ केली असेल, तर १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायला विद्यार्थी बांधील नसतो. आधी हो म्हटलं असलं तरी त्या तारखेपर्यंत लेखी कळवून होकार मागे घेता येतो. माझं विद्यापीठ त्या यादीत होतं, आणि त्यांच्या एकाही मेलमध्ये याबद्दल अवाक्षर नव्हतं. मला हे कळलं ऑक्टोबरमध्ये, कॅन्टीनमध्ये, एका वर्गमैत्रिणीकडून. तोवर बाबांचा फ्लॅट बँकेकडे तारण पडला होता. कर्ज फिटायला सहा वर्षं गेली.

आता माझं मत, पटलं तर घ्या. कर्ज काढून एमएफए करू नये. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फार तर वीस तास काम, तेही कॅम्पसवर. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर आपल्या विषयात नोकरी करायच्या परवानगीचे, बारा महिने. इंजिनिअरिंगवाल्यांना मिळते ती चोवीस महिन्यांची वाढ आपल्याला नाही. एवढ्यात काय फिटणार?

शिक्षण वाईट होतं असं नाही हं. वर्कशॉपमध्ये आपल्या कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. माझ्या कथेतली आई सारखी मोरीत जाते. अकरा जणांनी मोरी हे गाव समजून, ती रोज संध्याकाळी तिथे कुणाला भेटायला जाते यावर पंधरा मिनिटं वाद घातला. एकाला तर तिचा प्रियकरही सापडला. मी ओठ चावत गप्प. पण त्या दिवशी कळलं की माझ्या वाक्यात पाण्याचा आवाजच नव्हता. मोरीला मी तळटीप दिली नाही, पुढच्या खर्ड्यात नुसती बादली भरायला लावली.

असो, भरकटले. तुम्ही आज रात्रीच काउन्सिलच्या साइटवर यादी बघा. नाव असेल तर ठरावाचा उल्लेख करून १५ एप्रिलपर्यंत वेळ मागा, नम्रपणे, आणि मेलवरच. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. उरलेल्या तिघांनाही कळवा की हातात एक ऑफर आहे, कधीकधी त्यांचं उत्तर लवकर येतं. नाव नसेल किंवा मदतीविना नुसता प्रवेश असेल, तर हा ठराव कामाचा नाही. शिवाय माझा अनुभव जुना आहे आणि मी वकील नाही, तेव्हा सध्याचा मजकूर स्वतः वाचा.

मेलचा मसुदा पाठवायचा असेल तर मेसेज करा, उद्या दुपारपर्यंत बघून देते.