लॅटिन इतिवृत्ताचं संपादन हाती घेताना

भाषांतराची घाई नको, आधी मूळ मजकूर पक्का करा. मिळतील तेवढ्या हस्तलिखितांची यादी करा, एक प्रत पायाभूत धरा आणि तिची सलग दहा पानं जशीच्या तशी उतरवा.

पहिली अडचण संक्षेपांची. ‘पी’ अक्षराच्या खालच्या दांडीवर आडवी रेघ असेल तर ‘पेर’, डोक्यावर रेघ असेल तर ‘प्रे’, दांडीला डावीकडे वळण असेल तर ‘प्रो’. काप्पेल्लीचा संक्षेपकोश हाताशी असू द्या, आणि सोडवलेली अक्षरं कंसात लिहा, म्हणजे चूक पुढे सापडेल. आय, एम, एन, यू ही अक्षरं सारख्याच उभ्या रेघांची असतात. तिथे अंदाज न करता रेघा मोजा.

हमखास होणाऱ्या चुका:

- ‘मिही’ (म्हणजे ‘मला’) ऐवजी ‘मिकी’ दिसलं की अभिजात लॅटिनप्रमाणे ‘सुधारणं’. ते मध्ययुगीन लेखनच आहे, तसंच ठेवा.
- एका प्रतीत नसलेलं वाक्य दुसरीत मागाहून घुसडलंय असं ठरवणं. तोच शब्द थोड्या अंतरानं पुन्हा आला की नकलकाराची नजर पुढे घसरते आणि मधलं सगळं गळतं. ही शक्यता आधी तपासा.
- तारखा. फ्लॉरेन्समध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तिथला फेब्रुवारी १३०० हा आपला फेब्रुवारी १३०१. मे महिन्याच्या कॅलेंड्सपूर्वीचा (कॅलेंड्स म्हणजे महिन्याची पहिली तारीख) तिसरा दिवस म्हणजे २९ एप्रिल, कारण दोन्ही टोकं मोजतात.

बायबलची अवतरणं व्हल्गेटमध्येच, म्हणजे बायबलच्या लॅटिन भाषांतरातच शोधा. तिथे स्तोत्रांचे बरेचसे क्रमांक आजच्या बहुतेक बायबलांपेक्षा एकानं मागे असतात. हस्तलिखितांच्या वंशावळीकडे, म्हणजे कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली याकडे मात्र सध्या वळू नका.